वर्दीच्या आतलं दुखणं

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाचच्या सुमाराला गेलात, तर डांबरी रस्त्याच्या कडेनं धावणारी पोरंपोरी दिसतील. पाठीवर ॲकॅडमीचं नाव छापलेले टी-शर्ट, पायात आठवड्याच्या बाजारात घेतलेले बूट आणि मागून मोटारसायकलवर हातात स्टॉपवॉच घेतलेले सर. शाळेचं मैदान कुलपात असतं, शेतं नांगरलेली असतात, त्यामुळे सपाट आणि फुकट जागा उरते ती एकच, हायवेची कड. ही सगळी भरतीची पोरं. पोलीस व्हायचं म्हणून धावणारी.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशाच एका गावात एसटी स्टँडच्या मागे माझं क्लिनिक आहे, आणि भरतीची जाहिरात निघाली की गुडघेदुखीच्या आजी-आजोबांच्या शेजारी बाकावर ही पोरं येऊन बसायला लागतात. पोलिसांना होणाऱ्या इजा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोळी, सुरुंग, दगडफेक येते. ते खरंच आहे. मे 2019मध्ये गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ झालेल्या सुरुंगस्फोटात 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले, ते कोण विसरेल? पण मी जे रोज बघते ते याच्या खूप आधी सुरू होतं. वर्दी मिळायच्या आधी, निवड यादी लागायच्या आधी, त्या हायवेच्या कडेला.

आधी त्या रस्त्याबद्दलच. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. रोज डाव्या कडेनं धावलं की डावा पाय सतत किंचित खालच्या पातळीवर पडतो. चालताना हे कळतही नाही. दोन-दोन महिने रोज पाच-सहा किलोमीटर धावलं की घोटा, गुडघा, खुबा सगळ्यांना कळतं. एकाच पायाची तक्रार घेऊन आलेल्या मुलाला मी पहिला प्रश्न विचारते, "कुठल्या बाजूनं पळतोस?" पण पोरं हौसेनं तिथे पळत नाहीत. जानेवारी 2025मध्ये बीड-परळी मार्गावर घोडका राजुरीजवळ पहाटे सराव करणाऱ्या तरुणांना एसटी बसनं धडक दिली, त्यात तिघे गेले. पोलीस होण्यासाठी धावत होती ती पोरं. गावोगावच्या शाळांची मैदानं सकाळी दोन तास उघडी ठेवली, तर त्याला वेगळा निधी लागत नाही. लागते ती एक किल्ली आणि ती सांभाळणारा एक माणूस.

आता या धावण्याच्या हिशोबाकडे येते. सध्याच्या नियमांनुसार मैदानी चाचणीला 50 गुण. मुलांसाठी 1600 मीटर धावणं 20 गुणांचं, 100 मीटर 15 गुणांचं, गोळाफेक 15 गुणांची. मुलींना 1600च्या जागी 800 मीटर. पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर मुलानं 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत संपवायचं, मुलीनं 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत. म्हणजे मुलानं दर शंभर मीटर साधारण साडेएकोणीस सेकंदांत, तेही सलग सोळा वेळा, कुठेही न रेंगाळता. पुढे थोड्या थोड्या सेकंदांनी गुण उतरत जातात. 2024च्या भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांहून जास्त अर्ज आले होते. एका जागेमागे शंभराच्या आसपास पोरं. अशा गर्दीत दोन गुण म्हणजे गाव आणि वर्दी यांच्यामधलं अंतर. त्यामुळे शेवटच्या महिन्यात जे होतं ते होतं. वर्षभर शेतात, कारखान्यात, मोंढ्यात काम करणारा पोरगा जाहिरात निघाल्यावर एकदम सकाळ-संध्याकाळ ग्राउंड मारायला लागतो. आठवड्याला चार किलोमीटर पळणारा एकदम तीस किलोमीटरवर जातो. फुप्फुसं तयार होतात, मांड्या तयार होतात, मन तर कधीच तयार असतं. हाड मात्र एवढ्या घाईत तयार होत नाही.

हाड जिवंत असतं, हे लोकांच्या ध्यानात नसतं. त्यावर नेहमीपेक्षा जास्त भार पडायला लागला की शरीर ते नव्यानं बांधायला घेतं. पण नवं बांधण्याआधी जुनं काढावं लागतं. काढणाऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत आपलं काम उरकतात, भरणाऱ्या पेशींना मात्र महिने लागतात. रस्ता रुंद करायला खणून ठेवलाय, खडी-डांबर अजून पडलेलं नाही आणि वाहतूक दुप्पट झाली आहे, तशी त्या हाडाची अवस्था असते. म्हणून सराव जोरात सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी सगळ्यात नाजूक असते. आणि नेमकं तेव्हाच सर म्हणतात, आता वेळ कमी करा.

पोरं याला 'शिन पेन' म्हणतात. नडगीच्या आतल्या कडेला खालच्या तिसऱ्या भागात दुखतं, सुरुवातीला पळताना, मग पळून झाल्यावरही. यात दोन वेगळे प्रकार असतात आणि ते ओळखायला मशीन लागत नाही, अंगठा लागतो. मी रुग्णाला टेबलवर पाय सरळ सोडून बसवते आणि नडगीच्या आतल्या कडेवरून वरून खाली अंगठा दाबत नेते. चार-पाच बोटांच्या लांबीत सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल, तर हाडाच्या आवरणाला सूज आहे, आठ-दहा दिवस धावणं थांबवून, नंतर हळूहळू वाढवून ते बसतं. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत, अंगठा पोचताच माणूस टेबलवरून उचलला गेला, आणि रात्री झोपेतही तिथे ठणकतं असं म्हणाला, तर हाडाला तडा जात असण्याची शंका घ्यायची. मग मी पळणं पूर्ण बंद करायला सांगते आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवते. इथे घोळ होतो तो एक्स-रेचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा बारीक तडा साध्या एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसत नाही. पोरगा फिल्म घेऊन आनंदानं परत येतो, "मॅडम, काहीच नाही निघालं," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्राउंडवर. एमआरआयला लागणारे पैसे त्याच्या घरच्या महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त असतात.

मागच्या भरतीच्या आधी एक मुलगी आली होती. बाप ऊसतोडीला जाणारा, तिनं आजीकडे राहून बारावी केलेली. माझा अंगठा त्या एका जागेवर पोचला आणि तिनं टेबलची कड घट्ट धरली, पण तोंडातून आवाज काढला नाही. उलट मलाच म्हणाली, "मॅडम, तेवढी पट्टी बांधून द्या. पंधरा दिवसांवर ग्राउंड आलंय. नंतर सहा महिने झोपून राहीन." मी तिला काय होऊ शकतं ते सांगितलं. अर्धवट तडा गेलेलं हाड त्या आठशे मीटरमध्येच पूर्ण मोडू शकतं, आणि मग ही भरतीच काय, पुढचीही जाईल. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आणि नाही मोडलं तर?" तिच्या वयाचं, तिच्या घरचं सगळं गणित त्या प्रश्नात होतं. मी पट्टी बांधली नाही. तिला सायकल, पाण्यातला व्यायाम, गोळाफेकीचा सराव आणि आहार लिहून दिला. ती पुन्हा आली नाही. तिनं काय केलं असेल, हा विचार भरतीच्या बातम्या वाचताना अजून मनात येतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती ॲकॅडमीतले सर कधी विचारत नाहीत, मुली आपण होऊन सांगत नाहीत. खाणं कमी, धावणं जास्त, असं काही महिने चाललं की पाळी अनियमित होते, कधी बंद होते. बऱ्याच जणींना तेच सोयीचं वाटतं, ग्राउंडच्या दिवशी कटकट नको. पण पाळी थांबणं म्हणजे शरीरानं हाडांसाठी लागणारा खर्चही थांबवलाय, याची ती खूण असते. त्यात रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. या स्त्रियांच्या मुली, बहिणी, आणि पुष्कळदा याच वयाच्या त्या स्वतः, आज आठशे मीटर पळताहेत. मेसच्या पातळ वरणावर आणि दोन चपात्यांवर. हिमोग्लोबिनची तपासणी स्वस्त असते. ॲकॅडमीच्या फीमध्ये टी-शर्ट येतो, तशी ती तपासणीही यावी असं मला मनापासून वाटतं.

दुखणं दाबायचे उपाय मात्र कमी नाहीत. ग्राउंडच्या सकाळी दुखण्याचं इंजेक्शन घेऊन पळायला उभी राहणारी पोरं मला माहीत आहेत. उत्तेजक इंजेक्शनांच्या संशयावरून भरतीच्या वेळी कारवाया झाल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. साधं वेदनाशामक सुद्धा उन्हात, शरीरात पाणी कमी असताना, जीव तोडून धावण्याआधी घेतलं तर मूत्रपिंडावर घाला घालू शकतं. आणि दुखणं कळत नाही म्हणून पाय थांबत नाही, हा दुसरा तोटा.

ऊन हा तर या सगळ्यात सगळ्यात जीवघेणा भाग. जून 2014मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना किंवा त्यानंतर चार-पाच तरुणांचा जीव गेला होता. त्यानंतर अंतर पाचवरून तीन किलोमीटरवर आणलं गेलं, आणि पुढे नियम बदलत बदलत ते आजच्या 1600 मीटरवर आलं. अंतर कमी झालं हे चांगलंच. पण अंतर कमी झालं तसा वेग वाढला, आणि मैदानावर उष्माघाताला तोंड द्यायची तयारी किती असते हा प्रश्न तसाच राहिला. धावताना होणाऱ्या उष्माघातात माणसाला घाम येणं थांबतंच असं नाही, अंग घामानं निथळत असतानाही तो होतो. खरी खूण वेगळीच असते. पोरगा भलतंच बोलायला लागतो, दिशा चुकतो, चिडतो, विचारलेल्याचं उत्तर देत नाही. लोकांना वाटतं दमलाय, पाणी मारा, बसवा. खरं तर त्या क्षणी त्याला आधी थंड करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं. बर्फाच्या पाण्याचं मोठं टब, त्यात मानेपर्यंत बुडवायचं, डोकं धरून ठेवायचं. ॲम्ब्युलन्सची वाट बघण्यात गेलेली पहिली वीस-तीस मिनिटं पुढे कुठल्याही अतिदक्षता विभागात भरून निघत नाहीत. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात थंड पाण्याच्या बाटल्या गार करायला जेवढा बर्फ असतो तेवढा मैदानावर असला तरी पुरे.

यातून पार पडलेली पोरं प्रशिक्षण केंद्रात जातात. नानवीज, खंडाळा, तुरची, जालना, अकोला, मरोळ, नावं महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या घरात पाठ असतात. सुमारे नऊ महिने. पहाटे फॉलिन म्हणजे रांगेत हजेरी, पीटी, मग ड्रिल, मग वर्ग, मग पुन्हा मैदान. निवड झाल्यापासून हजर व्हायचं पत्र येईपर्यंत मधे काही महिने गेलेले असतात. त्या काळात पोरं सत्कार घेतात, पाहुण्यांकडे जेवतात, धावणं सुटतं. तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यापासून सगळा भार एकदम येतो, त्यात रगडा वेगळा. एकाच्या चुकीसाठी सगळ्या तुकडीनं मारायच्या उठाबशा आणि बेडूकउड्या. अशा अचानक अतिश्रमानं स्नायूंचे तंतू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी गडद तपकिरी झाली तर तो थकवा समजायचा नाही, त्याच तासाला डॉक्टर गाठायचा. हे एक वाक्य प्रत्येक बराकीच्या न्हाणीघरात लिहून लावायला हवं.

ड्रिलच्या दुखण्याचा इतिहास तर खूप जुना आहे. 1855मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं लांब संचलनानंतर सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात, अशी नोंद केली. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता, त्यामुळे कारण कळलं नाही. चाळीसएक वर्षांनी क्ष-किरण आले आणि दिसलं की पावलाच्या लांब हाडांना तडे गेलेले असतात. त्यालाच पुढे 'मार्च फ्रॅक्चर' म्हणायला लागले. म्हणजे हे दुखणं वैद्यकाला दीडशे वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. ते कुणाच्या नाजूकपणाचं लक्षण नाही, भाराच्या हिशोबाचं आहे.

आपल्या ड्रिलमध्ये 'तेज चल' म्हणजे मिनिटाला 120 पावलं आणि पाऊल 30 इंचांचं. 'थम' म्हटलं की गुडघा कमरेपर्यंत उचलून टाच जमिनीवर आपटायची, आवाज एक आला पाहिजे. हा आवाज ऐकायला छान वाटतो, दीक्षांत संचलनात आईबापांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण सिमेंटच्या परेड ग्राउंडवर, ड्रिलच्या जड बुटात, दिवसातून शेकडो वेळा आपटलेली ती टाच वर नडगीपर्यंत आणि कण्यापर्यंत पोचते. आणि 30 इंचांचं पाऊल कुणाचं? पाच फूट दहा इंचांच्या माणसाचं ते चालणं असतं, पाच फूट दोन इंचांच्या मुलीची ती ढांग असते. प्रत्येक पावलाला ती आपला खुबा ताणत असते. ऑस्ट्रेलियाच्या लष्करात 1990च्या दशकात नेमकं हेच लक्षात आलं. स्त्री रिक्रूटांच्या ओटीपोटाच्या हाडांना तडे जाण्याचं प्रमाण शेकडा 11च्या आसपास गेलं होतं. त्यांनी संचलनाचा वेग कमी केला, प्रत्येकीला आपल्या सोयीच्या लांबीचं पाऊल टाकू दिलं, रांगांमधलं अंतर वाढवलं, काही धावणी कठीण रस्त्यावरून मऊ जमिनीवर नेल्या. प्रमाण शेकडा 1च्याही खाली आलं. औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त पाऊल. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा किती तरी वेळ पुस्तक मिटून बसावंसं वाटलं. इतक्या साध्या बदलासाठी किती पोरी लंगडत घरी गेल्या असतील.

हे आपल्याकडे होणं अवघड नाही. बुटक्या पोरांना तुकडीच्या पुढे उभं केलं की पाऊल आपोआप त्यांच्या मापाचं होतं. पळताना सगळ्या बॅचला एका वेगानं न हाकता, आल्या दिवशीच्या चाचणीवरून तीन गट पाडता येतात. जो मागे असतो तो पुढच्याला गाठण्यासाठी जीव तोडतो आणि तोच आधी मोडतो.

पण खरी अडचण पावलात नाही, सांगण्यात आहे. प्रशिक्षणात 'सिक' गेलेल्या, म्हणजे आजारी म्हणून नोंद झालेल्या रिक्रूटकडे कसं बघतात, हे तिथून आलेल्या कुणालाही विचारा. 'नाटकं करतोय' हे पहिलं वाक्य. दिवस बुडाले की बॅच मागे पडण्याची भीती, सेवाज्येष्ठता जाण्याची भीती, घरी काय सांगायचं याची भीती. म्हणून दुखणं मोज्यात दडवलं जातं. सुट्टीत घरी आलेली पोरं माझ्याकडे येतात ती उशिरा येतात, चालताना एक टाच उचलून धरत. एकानं मला सांगितलं होतं, रात्री बराकीत दिवे गेल्यावर सगळे आपापल्या नडग्यांना बाम चोळत असत, अख्ख्या बराकीला तो वास यायचा, आणि सकाळी उस्ताद, म्हणजे ड्रिल शिकवणारे, विचारत, "कुणाला काही त्रास?" तर शंभर जणांतून एकही हात वर जात नसे. सहन करणं ही पोलिसाच्या कामाची गरज आहे हे मी समजू शकते. पण सहन करणं आणि लपवणं यांची गल्लत आपण पहिल्या नऊ महिन्यांतच करून देतो, आणि मग तो माणूस तीस वर्षं लपवत राहतो.

त्या तीस वर्षांचं काय होतं ते मी माझ्या मामांच्या रूपानं घरात बघते. मामा पुण्यात पोलीस खात्यात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना मांडी घालून जेवायला बसता येत नाही, सत्यनारायणाला सुद्धा खुर्ची लागते. एका विसर्जन मिरवणुकीत गर्दीचा लोंढा आला, लोखंडी बॅरिकेड त्यांच्या गुडघ्यावर पडलं. त्यांनी रुमाल बांधला आणि पॉइंट सोडला नाही. पुण्यातली मिरवणूक अलीकडे 28 तासांच्याही पुढे जाते. त्यांच्या काळी तेवढी नव्हती, पण रात्रभर उभं राहणं होतंच. दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला. मी एकदा विचारलं, "मामा, ड्युटीवर लागलं म्हणून नोंद का नाही केलीत?" तर म्हणाले, "अगं पोरी, त्या रात्री कुणाला लागलं नव्हतं? मी एकटा दवाखान्यात गेलो असतो तर माझ्या जागी दुसरा दुखऱ्या पायाचाच उभा राहिला असता." गुडघ्यातली फाटलेली गादी तशीच राहिली, आणि तिच्यावर त्यांनी पुढची नोकरी काढली.

नुसतं उभं राहणं ही सुद्धा इजाच आहे, हे पटवून द्यायला मला नेहमी वेळ लागतो. पायातलं रक्त वर चढतं ते पोटऱ्यांच्या आकुंचनानं. चालताना पोटरी पंपासारखी चालते, निश्चल उभं राहिलं की पंप बंद. रक्त पायात साठतं, वर्षानुवर्षांनी शिरा फुगतात, घोट्याजवळची कातडी काळवंडते, जखमा भरत नाहीत. परेडमध्ये उभे जवान धाडकन कोसळतात ते याचमुळे, आणि पडताना हनुवटी फुटते. पंढरपूरला आषाढीच्या बंदोबस्ताला गेलेल्या, नाकाबंदीला रात्र काढलेल्या पोलिसांना सकाळी बिछान्यावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येते. वाहतूक पोलिसांचं तर विचारू नका. खांदे, मान, कान, फुप्फुसं सगळंच रस्त्यावर पणाला लागलेलं. शिवाय माणसं. एप्रिल 2023मध्ये नवी मुंबईत एका वाहतूक पोलिसाला चालकानं गाडीच्या बॉनेटवर जवळपास 20 किलोमीटर नेलं. 2016च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला विनाहेल्मेट दुचाकी अडवली म्हणून वाहतूक हवालदाराच्या डोक्यात बांबू घातला गेला, आणि ते गेले. सुरुंगापासून बांबूपर्यंत सगळं या एका नोकरीत बसतं.

21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. 1959मध्ये त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैनिकांच्या हल्ल्यात 10 जवान गेले, त्यांची आठवण. त्या दिवशी देशभरातल्या वर्षातल्या हुतात्म्यांची नावं वाचली जातात. गिरगाव चौपाटीवर नुसती काठी हातात असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे आठवले की आजही अंगावर काटा येतो. ती नावं वाचलीच पाहिजेत. मला एवढंच वाटतं की जे मेले नाहीत, पण ज्यांचे गुडघे, कणे, कान ड्युटीवर गेले, त्यांचीही कुठे तरी वही असावी. कुठल्या प्रशिक्षण केंद्रात, कितव्या आठवड्यात, कुठल्या व्यायामात किती पोरांच्या नडग्या गेल्या, ही नोंद असली तर पुढच्या बॅचला काय बदलायचं ते आपोआप दिसतं. खात्यात हजेरी लिहिली जाते, दारूगोळ्याची प्रत्येक रिकामी पुंगळी मोजली जाते. दुखावलेला पाय मोजणं त्याहून अवघड नाही.

बदल होत नाहीत असं नाही. 2016मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तो तिथल्याच एका शिपायाच्या प्रस्तावावरून, आणि पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांतही नेला गेला. खालच्या माणसानं मांडलेली गोष्ट वरच्यांनी ऐकली, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. वजन प्रमाणात ठेवणाऱ्यांना महिन्याला 250 रुपयांचा भत्ता आहे, पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे, शस्त्रक्रियेची वेळ आली तर तिचा मोठा आधार होतो. पण शस्त्रक्रियेपर्यंत न पोचण्यासाठीची व्यवस्था त्यात कुठे बसते?

एका प्रशिक्षण केंद्रातून निवृत्त झालेले ड्रिल इन्स्ट्रक्टर कंबरदुखीसाठी माझ्याकडे येतात. कडक माणूस, टेबलवर पालथे झोपले तरी सावधानमध्ये असतात. त्यांनी शेवटच्या काही वर्षांत आपल्या तुकडीपुरता एक रिवाज सुरू केला होता. आठवड्यातून एकदा संध्याकाळी सगळ्यांनी बूट-मोजे काढून मैदानात बसायचं आणि शेजाऱ्यानं शेजाऱ्याची नडगी दाबायची. ज्याचा पाय आखडेल त्याचं नाव ते 'सिक'मध्ये लिहीत नसत. त्याला आठवडाभर पळण्याऐवजी दोर, पोटाचे व्यायाम आणि हत्यारांची सफाई. पीटीला तो हजरच. "सिक लिहिलं की पोरगा खोटं बोलतो मॅडम. हजर लिहिलं की खरं बोलतो," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांच्या सांगण्यावरून मी मराठीत एक पानभर माहिती लिहिली, नव्या रिक्रूटांना पहिल्या दिवशी देता येईल अशी. नडगी कशी दाबायची, तिसऱ्या आठवड्यात काय जपायचं, लघवीचा रंग, पाळी, पाणी, वेदनाशामकं. शेवटी लिहिलं होतं, एकाच जागी दुखत असेल तर त्याच दिवशी सांगा. त्यांनी कागद वाचला, पेन मागितलं आणि त्या वाक्याखाली रेघ मारून विचारलं, "कुणाला?" उस्तादाला सांगितलं तर नाटक, कंपनीत सांगितलं तर सिक, डॉक्टर ठरलेल्या वेळी येणार. आम्ही दोघांनी बसून विचार केला आणि त्या कागदाच्या वर आणखी एक अर्ज लिहिला, वरिष्ठांना द्यायला. प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात पूर्ण वेळ एक फिजिओथेरपिस्ट असावा, त्याच्या हातात रिक्रूटचे गुण नसावेत, आणि त्यानं पळू नको म्हटल्याचे दिवस गैरहजेरीत धरू नयेत. अर्जावर त्यांनी आपला जुना बक्कल नंबर घातला आणि खाली मी माझा नोंदणी क्रमांक.